उन्हाबरोबर चढणारा वेल

कोपऱ्यावरच्या पबात परवा कुणीतरी म्हणालं, थर्झा हॉग्बेनला देवाची देणगी होती. मी हातातला पेला खाली ठेवला. देणगी कसली डोंबलाची! तिचा पहिला कागद मी पाहिलाय. त्यावरचं डाळिंब कांद्यासारखं दिसत होतं. तिच्यापाशी जे होतं त्याला आमच्या केंट परगण्यात हट्ट म्हणतात, आणि तो मी अगदी जवळून भोगलाय, तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा हक्क माझा आहे.

मी एनॉक पेटिट. ठसे कोरतो. नासपतीच्या लाकडाची जाड फळी घ्यायची, नक्षी तेवढी ठेवायची, बाकीचं लाकूड पटाशीनं काढून टाकायचं. मग छपाईवाले त्याला रंग लावून कापडावर ठोकतात. बापानं हेच केलं, त्याच्या बापानंही हेच. आमचा कारखाना ओढ्याकाठच्या जुन्या पिठाच्या गिरणीत आहे. तो काढला मिस्टर ऑब्रींनी. बड्या घरचा मुलगा. बापाची कचेरी सोडून त्यांनी अंगात शेतकऱ्याचा सैल डगला चढवला आणि इथे येऊन आम्हाला सांगायला लागले की यंत्रानं माणसाचा आत्मा मारलाय, हातानं केलेलं तेवढंच खरं. आम्ही आधीपासून हातानंच करत होतो. पण माणूस मनानं चांगला होता, हिवाळ्यात शेगडीला कोळसा कमी पडू देत नसे, म्हणून आम्ही ऐकून घ्यायचो.

थर्झा खाली रंगघरात कामाला होती. चोविशीची, उंच, हडकुळी, कोपरापर्यंत निळी पडलेली. सकाळपासून मडक्यांत नीळ आणि मंजिष्ठ ढवळायची. रंग नीट उतरलाय का हे बघायला कापडाच्या चिंधीवर ब्रश ओढतात, तर ही त्या चिंध्यांवर पानं काढायची. बाप लहानपणीच गेला होता. आई हॉपच्या बागेत मजुरी करायची. ज्याच्या बोंडांनी बिअरला कडूपणा येतो तो हॉपचा वेल, आमच्या भागात चहूकडे तोच. थर्झाचं बालपण त्या वेलांखाली टोपलीत गेलेलं. म्हणूनच असेल, तिला तिथे बघण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नाही.

एका मार्चमध्ये आमचा नक्षी काढणारा बाबू नोकरी सोडून लंडनला परत गेला. वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या मोठ्या खिडकीपाशी त्याचं टेबल होतं. ते रिकामं पडलं. मिस्टर ऑब्रींच्या हाती तिची एक चिंधी लागली आणि त्यांनी तिला वर बोलावलं.

"पुढच्या मार्चअखेर लंडनला हस्तकारागिरांचं प्रदर्शन भरतंय," ते म्हणाले. "आपला एक छापील पट तिथे जाणार. तिथे नियम आहे, काढणाऱ्याचं नाव कापडाशेजारी लावायचं. तुझी नक्षी त्या तोलाची झाली, तर तुझ्या नावानं जाईल आणि हे टेबल तुझं. नाही झाली, तर मी लंडनहून माणूस आणीन. निसर्गाकडे जा, थर्झा! निसर्गाकडे!"

"कुठल्या रस्त्यानं जायचं, साहेब?" तिनं विचारलं. थट्टा नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं.

आधी ती त्यांच्या पुस्तकांकडे गेली. त्यात इटलीतली डाळिंबं होती, ग्रीसमधली काटेरी पानं होती. तिनं ती काढली. मिस्टर ऑब्री कागद लांब धरून बघायचे आणि म्हणायचे, "मेलेलं आहे." तीन कागद असे मेले. मग दर रविवारी ती वही घेऊन हिंडायला लागली. टेकडीवर जाऊन सूर्यास्त बघून आली. पाद्रीबाबांच्या कुंपणापाशी उभं राहून गुलाब काढून आली. सोमवारी माझ्या बाकापाशी येऊन वही पुढे करायची.

"मिस्टर पेटिट, हे गुलाब वाटतात का?"

"कोबी म्हणून खपतील."

"आणि हे?"

"हे कुणाच्या तरी टोपीवर पाहिलंय मी."

वही मिटून ती मुकाट्यानं मडक्यांकडे जायची. रडली कधी नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा हजर. मला दया यायला लागली होती. दया आली की मी जास्तच खवचट बोलतो, तो माझा स्वभाव.

मे महिन्याच्या सुरुवातीला तिची आई चर्चच्या पायरीवरून घसरली आणि उजवं मनगट दुखावून बसली. मे म्हणजे बांधणीचा महिना. जमिनीतून हॉपचे कोंब वर येतात, त्यांतले दोन-तीन निवडून दोरीला गुंडाळायचे आणि भिजवलेल्या लव्हाळ्याच्या पातीनं अलगद बांधायचे. पुढे वेल आपला आपण चढतो. प्रत्येक बाईच्या ओळी ठरलेल्या असतात. एका वर्षी बांधणी चुकली की पुढच्या वर्षी त्या ओळी दुसरीच्या. थर्झानं तीन आठवड्यांची सुट्टी मागितली.

"तू कलेच्या उंबरठ्यावर उभी आहेस," मिस्टर ऑब्री कळवळून म्हणाले, "आणि चिखलात जाऊन गुडघे टेकणार?"

"आईच्या ओळी जातील, साहेब," ती म्हणाली आणि गेली.

तिथे जे झालं ते तिनं मला इतक्यांदा सांगितलंय की मी तिथे होतो असंच मला वाटतं. हॉग्बेनबाई उपड्या टोपलीवर बसलेल्या, हात गळ्यात बांधलेला आणि तोंड मोकळं.

"अगं ए, कापड नाहीये ते रंगवायला! अंगठ्याखालून घे. उन्हाबरोबर गुंडाळ, उन्हाबरोबर!"

उन्हाबरोबर म्हणजे सूर्य जातो तसं, पूर्वेकडून दक्षिणेला, दक्षिणेकडून पश्चिमेला. आमच्याकडच्या बायकांना घड्याळ नसलं तरी चालतं, हे चुकून चालत नाही. पहिल्याच दिवशी शेजारच्या ओळीतल्या बाईशी गप्पा मारता मारता थर्झानं एक वेल उलटा गुंडाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सगळा सुटून जमिनीवर पडलेला.

"हा कुणी बांधला?" आई म्हणाली. "लंडनची कुणी पाहुणी येऊन गेली वाटतं."

थर्झाला राग आला. आईचा नाही, वेलाचा. तिनं तो उचलला, पुन्हा मुद्दाम उलटाच गुंडाळला आणि एका पातीऐवजी दोन पातींनी आवळून बांधला. बघू कोण जिंकतं! दुपारी खायला बसायच्या आधी जाऊन बघते, तर वेलाचं टोक बंधातून निसटून मागे वळलेलं, दोरी सोडून हवेत आलेलं आणि आपल्याला हवा तसा वेढा घ्यायला निघालेलं. देठावर बारीक खरखरीत केस, पुढे बोटभर कोवळं टोक, त्याच्या दोन्ही बाजूंना मिटलेली पानं. ती तिथेच मातीत बसली. पाव आणि चीज ज्या कागदात बांधून आणलं होतं, तो कागद तिनं गुडघ्यावर सपाट केला.

"मिस्टर पेटिट," ती मला म्हणाली होती, "माझ्यासारखं कुणीतरी मला पहिल्यांदाच भेटलं."

तीन आठवड्यांनी ती परत आली तेव्हा मनगटांवर वेलाच्या केसांचे लाल ओरखडे होते आणि पिशवीत पाव गुंडाळायचे तेवीस कागद. मिस्टर ऑब्रींनी ते एकेक करून टेबलावर मांडले. दोरीला वेढे घालत वर जाणारा वेल, आणि प्रत्येक वेलाचं टोक शेजारच्या रिकाम्या दोरीकडे हात लांबवल्यासारखं झेपावलेलं. मी त्यांना चार वर्षं ओळखत होतो. त्या दिवशी प्रथमच त्यांनी कागद लांब न धरता नाकाशी धरून बघितले.

मग म्हणाले, "बोंडं कुठायत?"

"मे महिन्यात बोंडं नसतात, साहेब."

"बोंडांवाचून हा हॉप आहे हे कुणाला कळणार? बोंडं हवीतच."

टेबल त्यांचं, प्रदर्शन त्यांचं. सप्टेंबरात काढणीच्या वेळी तिनं बोंडं पाहून काढली आणि जिथे जागा होती तिथे बसवली. तिच्या तोंडावरून मला कळलं की तिला ती आवडलेली नाहीत. पण कागद पक्का झाला आणि माझ्याकडे आला. तीन ठसे होते. एक काळ्या रेघांचा, एक पानांच्या हिरव्याचा, एक बोंडांच्या पिवळ्याचा. चार महिने मी दुसरं काही केलं नाही. इतकं बारीक काम मी आयुष्यात केलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा गर्व झाला होता.

जानेवारीच्या शेवटी पहिला नमुना छापला. दीड माणूस उंचीचं ओलं कापड दांडीवर टांगलं आणि सगळा कारखाना बघायला जमला. मिस्टर ऑब्रींनी माझा हात हातात घेऊन हलवला. थर्झा मात्र खालचा ओठ चावत उभी.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. छान आहे. पण काहीतरी खुपतंय आणि ते काय, ते कळत नाहीये."

"तुला कधी काही बरं वाटलंय का?" मी म्हणालो.

तेवढ्यात हॉग्बेनबाई आल्या. लेकीचं कापड टांगलंय हे कळल्यावर त्या ॲप्रन न सोडताच आल्या होत्या. छपाईवाल्यांनी वाट करून दिली. त्या कापडापुढे उभ्या राहिल्या. बऱ्या झालेल्या मनगटाचा हात आपोआप वर गेला. ओल्या कापडावरचं वेलाचं टोक त्यांनी चिमटीत धरायला बघितलं, बोटांना काळा रंग लागला.

"हा कुणी बांधलाय?" त्या म्हणाल्या.

"बांधलेला नाही गं आई, छापलाय."

"ते दिसतंय मला, आंधळी नाहीये मी. पण उन्हाविरुद्ध गुंडाळलाय. उद्या सकाळपर्यंत सगळा खाली पडेल."

सगळे हसले. मिस्टर ऑब्री तर टाळ्या वाजवून हसले, कारण चित्राला कुणी खरं समजावं यापरता मोठा मान कुठला! थर्झा हसली नाही. तिनं खिशातून तो जुना पावाचा कागद काढला आणि कापडाशेजारी धरला. कागदावरचा वेल पुढच्या बाजूनं उजवीकडून डावीकडे चढत होता. कापडावरचा डावीकडून उजवीकडे.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

आता माझं पाप सांगून टाकतो. ठशावर जे डावं असतं ते कापडावर उजवं उमटतं. म्हणून नक्षीचा पातळ कागद फळीवर चिकटवताना पालथा चिकटवायचा असतो. पण पालथ्या कागदातून रेघ पुसट दिसते, डोळे दुखतात. बापानं मला शिकवलं होतं, अक्षरं असतील तरच कागद पालथा घाल, पानाफुलांना कसलं आलंय डावं-उजवं? तीस वर्षं मी कागद सरळ चिकटवत आलो होतो. तीस वर्षांत एकानंही तक्रार केली नव्हती.

हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. कान तापले होते माझे.

"त्यात काय एवढं!" मिस्टर ऑब्री म्हणाले. "एनॉकनं कमाल केलीये. आणि लंडनमध्ये कुणाला कळणार आहे, थर्झा? कुणाला?"

"आईला कळलं."

"आई लंडनला येणार नाहीये."

"तुम्ही उलट्या बाजूनं टांगा की," मी पटकन म्हणालो. चार महिन्यांचं काम वाया जाताना दिसलं की माणसाला काहीही सुचतं. कापड फिरवलं. मागून वेल बरोबर चढत होता, पण रंग आरपार आला नव्हता, रेघ मेलेली आणि पानांवर डाग. थर्झानं नुसती मान हलवली. मलाही लाज वाटली आणि मीच ते पुन्हा सरळ केलं.

मिस्टर ऑब्री आता चिडले होते. सत्य, निसर्ग, प्रामाणिक हात यांवर त्यांनी आम्हाला शंभर भाषणं दिली होती, आणि रंगघरातली मुलगी त्यांचंच बोलणं त्यांच्या दारात घेऊन उभी होती. "वीस मार्चला सकाळी पट स्टेशनवर जाणार," ते म्हणाले. "तोवर नवे ठसे झाले, तर तो तुझ्या नावानं जाईल. नाहीतर हाच जाईल, आणि तुला इतकी लाज वाटत असेल तर तुझं नाव न लावता जाईल. मग टेबलाचं मला दुसरं काहीतरी बघावं लागेल."

"नाव काढलंत तरी वेल उलटाच राहील, साहेब," थर्झा म्हणाली.

सात आठवडे होते. तीन ठशांना मला चार महिने लागले होते. मी माझ्या बाकावर जाऊन बसलो आणि ती मागोमाग आली.

"नाही," मी ती बोलायच्या आत म्हणालो. "माझी मनगटं बघ. डोळे बघ. होणार नाही."

"तीन होणार नाहीत. दोन होतील. बोंडांचा ठसा नकोच. रेघांच्या ठशातूनही बोंडं काढून टाकू, तेवढं काम वाचेल. मी ती पाहिली सप्टेंबरात, पण वेल पाहिला मे महिन्यात. दोन महिने एकाच वेलाला चिकटवले, तेच मला पहिल्यापासून खुपत होतं."

"साहेब बोंडं मागतील."

"मागू देत. तुम्ही रेघांचा ठसा करा, मी पानांचा करते."

"बाईमाणसानं पटाशी धरलेली मी आजवर पाहिलेली नाही."

"मग आता बघा."

मी तिला हाकलली. वाईट शब्द वापरले, ते इथे लिहीत नाही. दुपारी जेवायला सगळे बाहेर गेले, मला भूक नव्हती. बाकामागच्या फळीवर माझ्या प्रत्येक ठशाचा पहिला छाप गुंडाळून ठेवलेला असतो. मी ते खाली ओढले आणि एकेक उलगडत गेलो. तीस वर्षांची पानं, फुलं, वेलबुट्ट्या. सगळं डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. हॉग्बेनबाईंना इथे उभं केलं असतं तर त्यांचा हात वर गेला असता का? नसता गेला. त्या सगळ्या ढिगात पडू शकेल असा एकही वेल नव्हता. कधी कुणी तक्रार केली नाही कारण तक्रार करण्याजोगं त्यात काही जिवंतच नव्हतं. आणि पहिल्यांदा माझ्या हाताखाली जिवंत काहीतरी आलं, तेव्हा मी ते उलटं टांगलं होतं. मी ते सगळे पुन्हा गुंडाळून फळीवर ठेवले. मला खूप वाईट वाटलं.

रंगघराच्या दारात जाऊन मी म्हणालो, "उद्या साडेसहाला ये. बाह्या घट्ट बांधून ये. आणि नखं काप."

तिला शिकवायला मला चार दिवस लागले आणि माझ्या दोन पटाश्यांची धार गेली. पहिले दोन आठवडे ती लाकूड कमी आणि बोटं जास्त कापत होती. शेजारच्या बाकांवरचे कारागीर कुजबुजायचे, एकानं तर रंगघरात झाडू कोण मारणार आता, असं मोठ्यानं विचारलं. थर्झानं वर न बघता सांगितलं, "तुमचे हात रिकामे दिसतायत." सकाळी ती मडकी ढवळायची, अकरा वाजता माझ्या बाकावर यायची, उजेड जाईपर्यंत उठायची नाही. हॉग्बेनबाई दुपारी पाव आणि थंड चहा आणून द्यायच्या आणि दोन मिनिटं ठशाकडे बघत उभ्या राहायच्या. ठशावर वेल उलटा असतो, तसाच असायला हवा, हे त्यांना पटवायला आम्हाला आठवडा लागला.

"म्हणजे इथे चुकीचा म्हणजे तिथे बरोबर?" त्या म्हणायच्या.

"हो, हॉग्बेनबाई."

"तुमचा धंदा काही खरा नाही, मिस्टर पेटिट."

पाचव्या आठवड्यात थर्झाच्या हातून सर्वांत वाईट जागा तुटली. सगळ्यांत वरचं कोवळं पान, टोकाशेजारचं. पटाशी लाकडाच्या रेषेबरोबर सरकली आणि पान कचऱ्यात गेलं. मला वाटलं, आता ही रडणार, आणि रडली असती तर मीही काम टाकून दिलं असतं, इतका थकलो होतो. ती उठली, नासपतीचा एक तुकडा शोधून आणला आणि म्हणाली, "भोक पाडून खुंटी ठोकतात ना? दाखवा." तुटकी जागा चौकोनी कोरून काढली, तुकडा ठोकून बसवला, त्यावर पान पुन्हा कोरलं. पुन्हा तुटलं. पुन्हा खुंटी. तिसऱ्यांदा पान टिकलं. तो ठसा आजही आमच्याकडे आहे. बोट फिरवलं तर खुंटीची कड लागते.

एकोणीस मार्चला दुपारी कापड छापलं. वीसला सकाळी ते खोक्यात घालायच्या आधी मिस्टर ऑब्री खाली आले. ते कापडापुढे उभे राहिले आणि त्यांचे डोळे वरखाली शोधायला लागले.

"बोंडं?"

"मे महिन्यात नसतात, साहेब. तुम्हीच म्हणालात, निसर्गाकडे जा. मी जाऊन आले."

त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता जुनंच कापड खोक्यात जातं. पण मी म्हटलं ना, माणूस मनानं चांगला. त्यांनी डगल्याच्या खिशातून प्रदर्शनाचा कागद काढला आणि नक्षी काढणाऱ्याच्या जागी थर्झा हॉग्बेन लिहिलं. कोरणाऱ्याच्या जागी ते माझं नाव लिहायला लागले.

"तिचंही लिहा," मी म्हणालो. "अर्धं काम तिचं आहे. बोटांचं रक्त धरलं तर अर्ध्याहून जास्त."

त्यांनी लिहिलं. मग वरच्या खोलीची किल्ली खिशातून काढून तिच्या हातात दिली आणि निघून गेले. थर्झा किल्लीकडे बघत उभी राहिली. खोकं गाडीवर चढेपर्यंत ती वर गेली नाही. दोरी नीट आवळलीय का हे बघायचं होतं तिला.

एप्रिलमध्ये स्वस्त सहलीची आगगाडी होती, तिनं आम्ही दोघं लंडनला गेलो. भलंमोठं दालन, गुळगुळीत फरशी, सगळीकडे छत्र्या आणि टोप्या. आमचं कापड एका कोपऱ्यात, तांब्याची किटली आणि कोरीव कपाट यांच्या मध्ये टांगलेलं. शेजारी छोटी चिठ्ठी. थर्झानं ती वाचली, पुन्हा वाचली, आणि मग कापडाला पाठ करून लोकांकडे बघत उभी राहिली.

लोक येत होते, जात होते. कुणी "छान" म्हणायचं. कुणी किटली बघायचं. एका गृहस्थानं कापडापुढे उभं राहून घड्याळाला किल्ली दिली. तासाभरानं एक बाई आल्या. टोपीवर अख्खा पक्षी, हातात जाळीचे मोजे. त्यांनी मान तिरकी केली आणि सोबतच्या यजमानांना म्हणाल्या, "किती गोड द्राक्षवेल!"

माझं डोकं फिरलं. सात आठवडे, ती बोटं, त्या दोन खुंट्या, आणि म्हणे द्राक्षवेल! मिस्टर ऑब्री खरे ठरले होते, लंडनमध्ये कुणाला काही कळणार नव्हतं. "चल," मी थर्झाला म्हणालो, "कुठेतरी चहा पिऊ आणि घरी जाऊ."

ती हलली नाही.

"माफ करा, मॅडम," ती त्या बाईंना म्हणाली, "हा हॉप आहे."

बाईंनी तिच्या बुटांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. "हॉप? मग बोंडं कुठायत?"

"सप्टेंबरात येतात. हा मे महिना आहे."

"आणि तुला कसं ठाऊक?"

मला वाटलं, आता चिठ्ठीकडे बोट दाखवणार. नाही दाखवलं.

"मी बांधते, मॅडम," ती म्हणाली. "द्राक्षाला धरायला तंतू असतात. याला नाहीत. याचा देठच दोरीला धरतो. आणि तो नेहमी असाच जातो बघा, इकडून इकडे, उन्हाबरोबर. पुढून, मागून, परत पुढून."

बाई जरा रागावलेल्या होत्या. पण त्या वाकल्या. मोज्यातलं बोट त्यांनी कापडाला न लावता खालच्या पानापासून वर न्यायला सुरुवात केली, उजवीकडून डावीकडे, दोरीमागे, पुन्हा उजवीकडून. वरच्या टोकापर्यंत जायला त्यांना चांगला वेळ लागला.

"आणि दुसरीकडून गुंडाळला तर?"

"सुटतो. रात्रीत. माझ्याशी भांडलाय तो."

बाई हसल्या. यजमानांचा दंड धरून त्या पुढे निघाल्या, आणि दाराशी पोहोचल्यावर मी पाहिलं, त्या हवेत बोट फिरवून यजमानांना काहीतरी समजावत होत्या. बरोबर दिशेनं फिरवत होत्या.

"एक झाली," थर्झा म्हणाली, आणि पुढच्या माणसाला कापड दिसावं म्हणून बाजूला सरकून उभी राहिली.